‘४ अंशांत महिनाभर ताजी’ म्हणे!

बेळगावजवळच्या कडोली-काकती-उचगाव भागातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘भाजी तोडा, धुवा, प्लॅस्टिकमध्ये हवाबंद बांधा, ४ अंशांच्या कोल्ड स्टोरेजला टाका. कुठलीही भाजी महिनाभर ताजी. गोव्याच्या दलालाची गरजच नाही, माल थेट दुबईला!’ दलालाचं राहू दे, बाकीचं एकेक बघू.

‘कुठलीही भाजी, ४ अंश.’ सगळ्यात महागात पडणारी ओळ हीच. कोबी, फ्लॉवर, गाजर शून्याजवळ खुशाल राहतात. कोबी तर महिन्याहून जास्त. पण भेंडी आणि हिरव्या मिरचीला ७ ते १० अंश लागतात, काकडी-वांग्याला १० ते १२, कच्च्या टोमॅटोला त्याहून थोडं वर. त्याच्या खाली नेलं की थंडी बाधते. फसवं असं, की कोल्ड स्टोरेजमध्ये माल झकास दिसतो. बाहेर काढून एक-दोन दिवस झाले की भेंडीवर पाणचट खड्डे पडतात, मिरचीचा देठ काळपटतो आणि चिरली तर आतलं बी तपकिरी. म्हणजे खोट दिसणार गिऱ्हाइकाच्या दुकानात आणि पैसे कापणार आपले. शिवाय अगदी नेमक्या थंडीतही भेंडी टिकते ती आठ-दहा दिवस. ती विमानानं जाते ती काय हौसेनं?

‘हवाबंद बांधा.’ तोडलेली भाजीही श्वास घेते. आतला ऑक्सिजन संपला की ती आंबते. निर्यातीसाठी जी खास फिल्म वापरतात, तिच्यातून थोडी हवा आतबाहेर होतच असते.

‘धुवा.’ क्लोरीनच्या पाण्यात धुऊन नीट सुकवली तर ठीक. विहिरीत बुचकळून ओलीच भरली, तर कूज अख्ख्या क्रेटला.

आणि मेसेजात वेळेचं नावच नाही! तापमान १० अंशांनी वाढलं की भाजीचा श्वास दुप्पट-तिप्पट होतो. भर दुपारी तोडून बांधावर ढीग घातलेल्या मिरचीचं आयुष्य तिथंच सरायला लागतं. नंतर तो गरम माल नुसता थंड खोलीत रचला, तर मधले क्रेट तासन्‌तास गरमच राहतात. म्हणून निर्यातदार आधी पंख्यांनी क्रेटमधून थंड हवा ओढून शेतातली उष्णता काढतात. पहाटे तोडणी, सावली आणि गोणीऐवजी क्रेट, एवढं तर आपल्याला आजही जमेल.

राहिलं ‘थेट दुबईला’. परदेशी बाजारात कीड आणि फवारलेल्या औषधांचे उरलेले अंशही तपासतात. मे २०१४ पासून युरोपीय संघानं आपलं कारलं, वांगं, पडवळ आणि अळू काही काळ बंद केलं, ते शिळं निघालं म्हणून नव्हे, फळमाशी आणि इतर किडी सापडल्या म्हणून.