राजकन्या राहू द्या, झाड कोणतं ते सांगा!

एका जादुई गेममध्ये राळ सापडली, तिच्याखाली माहिती काय लिहिली? ‘चंद्राच्या उसाशातून जन्मलेली राळ. हिच्यात एका विसरलेल्या राजकन्येची आठवण अजून थरथरते.’

थरथरू दे ना बे! झाड कोणतं? कुऱ्हाड कोणत्या दर्जाची लागते? धनुष्याला ४ पुरतात का १२?

या जादुई गेममध्ये पिशवीचे खण मोजके, अन् अर्धे ‘कुजबुजणाऱ्या’ वस्तूंनी भरलेले. कुजबुजणारं शेवाळ, कुजबुजणारं हाड, कुजबुजणारा खडा. कोणाशी कुजबुजतात? कचरा समजून विकून टाकलं की मग कळते, चिलखत वाढवायला नेमकं तेच पाहिजे होतं. अन् ते सापडते एकाच दलदलीत, रात्री, पाऊस असला तरच. एवढं लिहायला शाई संपली होती काय?

माइनक्राफ्ट नावाच्या गेममध्ये काव्य नाही, पण हिशोब पक्का: ३ हिरे, २ काठ्या, हिऱ्याची कुदळ तयार. हिऱ्याचा दगड लोखंडी नाहीतर त्याहून भारी कुदळीनंच फोडायचा. दगडी कुदळीनं फोडला तं हातात भोपळा.

गडचिरोलीच्या जंगलात तेंदूपत्ता कोणी ‘वनदेवीचा श्वास’ म्हणून तोडते का? ७० पानांचा पुडा, मे महिन्याचं ऊन, विषय संपला. मोह पहाटे वेचा, फूल रात्रीच गळते. बिबा जपून हाताळा, तेल अंगावर उतते. जागा, वेळ, धोका, सगळं एका दमात!

अन् इथं राजकन्येचं रडगाणं संपल्यावर खाली बारीक अक्षरात काय? ‘उपयोग: विविध.’

कोणते, भाऊ?