दुधावर लक्ष

ऑफिसने आम्हाला माइंडफुलनेसच्या, म्हणजे समोरच्या क्षणाकडे पूर्ण लक्ष देण्याच्या, आठ आठवड्यांच्या कोर्सला घातलं. पहिल्याच दिवशी प्रत्येकाच्या तळहातावर बेदाणा ठेवण्यात आला. एकच. आईचं माहेर तासगाव, त्यामुळे बेदाणे मुठीने खायचे असतात अशी माझी समजूत. इथे तो आधी न्याहाळायचा, बोटांत फिरवायचा, हुंगायचा आणि चक्क कानाशी धरून ऐकायचा. ही तऱ्हा जॉन कबाट-झिन यांच्या कोर्समधली. १९७९ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात, जुनाट दुखण्यांनी गांजलेल्या लोकांसाठी त्यांनी तो सुरू केला. त्या लोकांचं दुखणं जुनं होतं. माझं त्या दिवशी सुरू झालं.

घरी आईला सांगितलं.

"कानाला लावलास? मग, काय म्हणाला?"

"काही नाही."

"चार किलो द्राक्षं वाळतात तेव्हा किलोभर होतो तो. बोलायला जीव कुठे उरलाय त्याच्यात!"

गृहपाठ होता, रोजचं एक काम पूर्ण लक्ष देऊन करायचं. दात घासणं, भांडी घासणं, काहीही. 'भांडी' हा शब्द बायकोच्या कानावर जायच्या आत मी दूध तापवणं जाहीर करून टाकलं.

सकाळी पिशवी फोडली, पातेलं गॅसवर चढवलं आणि समोर उभा राहिलो. शेजारी कुकर. आई बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर मेथी निवडत होती. मी श्वासाकडे लक्ष दिलं. श्वास आत, श्वास बाहेर. मनात विचार आला, वीजबिल. कोर्सच्या बाईंनी सांगितलं होतं, विचाराशी भांडू नका, त्याची फक्त नोंद घ्या. घेतली. दुसरा विचार आला, आपण किती छान नोंद घेतो आहोत! त्याचीही नोंद घेतली. दूध निवांत होतं. दुधाचा हा निवांतपणा नाटकी असतो, हे मला ठाऊक हवं होतं. वर साय धरते, खाली वाफ कोंडते आणि कोंडलेली वाफ सायीसकट सगळं वर उचलते. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. साय फुगली, काठाशी आली. मी तिच्याकडे कुठलाही निवाडा न करता बघत राहिलो.

"अरे, गॅस बंद कर!" बाहेरून आई ओरडली. तिची पाठ स्वयंपाकघराकडे होती.

तोवर दूध बर्नरमध्ये, ओट्यावर आणि माझ्या पायावर आलं होतं. पायावरच्या दुधाची नोंद मी फार मनापासून घेतली. शेजारच्या काकूंनीही घेतली असावी, त्यांनी खिडकी उघडली.

"तुला कसं कळलं?" मी आईला विचारलं.

"आवाज बदलतो की. वासही येतो. तू समोर उभा राहून काय करत होतास?"

"लक्ष देत होतो."

"कुणाकडे?"

ह्याचं उत्तर अजून सापडलेलं नाही. आईने हातात टाचणी दिली आणि बर्नरची भोकं मोकळी करायला बसवलं. एकेक भोक, सावकाश, न चुकता. खरं सांगतो, बेदाण्यापेक्षा जमलं. तेहेतिसाव्या भोकाशी पोचलो असेन, तेवढ्यात बाहेरून आवाज आला, "कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या रे?"

मी टाचणी हातात धरून गप्प.

"चार," आईच म्हणाली, टीव्हीवरची नजर न हलवता. "कर बंद."