रेल्वेटाउन सिडनीनं वसवलं नाही

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल या खाणींच्या गावात रेल्वेटाउन नावाची एक छोटी वस्ती आहे. तिची एक कहाणी बरीच फिरते. न्यू साउथ वेल्सच्या सरकारनं सिडनीहून ओसाड मुलखात रेल्वे नेली, तिच्यामुळे ही वस्ती उभी राहिली, 1915 मध्ये इथल्या सैनिकी गाडीवर तुर्की सैनिकांनी हल्ला केला आणि 1970 मध्ये रेल्वे गेली तशी वस्तीही उठली. ऐकायला छान आहे, पण यातलं काहीच टिकत नाही.

आधी सरकारचं पाहू. 1883 मध्ये चार्ल्स रॅस्प या मेंढ्यांच्या कुरणावरच्या गड्याला इथं खनिज सापडलं. शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलिया या वेगळ्या ब्रिटिश वसाहतीनं सरहद्दीवरच्या कॉकबर्नपर्यंत रूळ आणायची तयारी केली. पुढचे पन्नास-साठ किलोमीटर न्यू साउथ वेल्सच्या हद्दीत होते, आणि त्या सरकारनं परक्या वसाहतीची रेल्वे आत येऊ दिली नाही. स्वतःही रूळ टाकले नाहीत. म्हणून 1886 च्या कायद्यानं सिल्व्हर्टन ट्रामवे ही खासगी कंपनी उभी राहिली आणि 1888 मध्ये तिची 1067 मिलिमीटर गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) गाडी ब्रोकन हिलला पोहोचली. शिसं, चांदी, जस्त सगळं साउथ ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी बंदराकडे जाऊ लागलं. वस्तीला नाव मिळालं ते या रेल्वेमुळे. सिडनीची सलग गाडी आली थेट 1927 मध्ये! तीही दुसऱ्या स्टेशनावर: सरकारी गाडी क्रिस्टल स्ट्रीटला, कंपनीची सल्फाइड स्ट्रीटला. सिडनीहून ॲडलेडला निघालेल्या माणसाला मधे गावातून सामान हलवावं लागे. ब्रोकन हिलचं घड्याळ आजही साउथ ऑस्ट्रेलियाच्या वेळेवर, सिडनीच्या अर्धा तास मागे चालतं. गावाचं तोंड कुठं होतं ते यावरून कळतं.

हल्ल्याचा भाग मला सर्वांत खटकतो, कारण त्यात मेलेल्या माणसांना सैनिक ठरवलं जातं. 1 जानेवारी 1915 ची ती सहलीची गाडी होती. खनिजाच्या उघड्या वाघिणींत बाकं टाकून सुमारे 1200 लोक, बायकामुलांसह, सिल्व्हर्टनला निघाले होते. गोळ्या झाडणारे दोघे, गुल मोहम्मद आणि मुल्ला अब्दुल्ला, हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीकडून आलेले आणि गावातच राहणारे. गुल आइस्क्रीमची गाडी चालवायचा आणि त्याच गाडीवर तुर्की झेंडा लावलेला होता. ते पहिल्या महायुद्धात उतरलेल्या तुर्की सुलतानाच्या नावानं लढले हे खरं, पण तुर्कस्ताननं पाठवलेलं सैन्य तिथं नव्हतं. चार रहिवासी मेले. त्यातली एक सतरा वर्षांची मुलगी होती. चौघांपैकी गणवेशातलं कुणीही नव्हतं. चिडलेल्या जमावानं त्या रात्री जाळला तो जर्मन क्लब, ज्याचा या प्रकाराशी काही संबंध नव्हता.

राहिलं 1970. त्या वर्षी बंद पडली ती कंपनीची अरुंद लाइन, कारण तिच्या जागी सिडनी ते पर्थ सलग स्टँडर्ड गेज झालं. इंडियन पॅसिफिक गाडी त्याच वर्षी याच गावावरून धावू लागली. ब्रोकन हिलची लोकसंख्या पुढं घटली, पण ती खाणींतलं काम कमी होत गेलं म्हणून. रेल्वेटाउनमध्ये आजही लोक राहतात, शाळा आहे, आणि सल्फाइड स्ट्रीटच्या जुन्या स्टेशनात या रेल्वेचं संग्रहालय आहे.