किरणोत्सारी गाळातला हायड्रोजन: बॉम्बची भीती आणि खरा धोका

‘अणुकचऱ्याच्या गाळात किरणोत्सारामुळे हायड्रोजन तयार होतो, तो कुणालाच रोखता येत नाही, आणि एक ठिणगी पडली की हायड्रोजन बॉम्बच!’ हा मजकूर बराच फिरतो आहे. त्यातला एकेक तुकडा तपासू.

बॉम्बचे आधी. हायड्रोजन बॉम्बमध्ये ड्युटेरियम आणि ट्रिटियमची अणुकेंद्रके एकमेकांत विलीन होतात. त्याला कोट्यवधी अंश तापमान लागते. टाकीतला हायड्रोजन पेटला तर तो हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून जळतो, इतकेच. हे जळणेही जीवघेणे ठरू शकते आणि किरणोत्सारी पदार्थ बाहेर उडवू शकते. मग त्याला खोटे नाव कशाला द्यायचे?

‘किरणोत्सारामुळे’ हे अर्धेच खरे आहे. किरणोत्सार पाण्याचे रेणू फोडतो आणि साठवणीच्या टाक्यांत त्यातून हायड्रोजन सुटतो. पण गाळावर प्रक्रिया करताना कारण वेगळे असते. अमेरिकेत दक्षिण कॅरोलायनातल्या सव्हाना रिव्हर प्रकल्पात 1996 पासून हा गाळ काचेत बंदिस्त केला जातो. काचेच्या भट्टीआधी त्यात नायट्रिक आणि फॉर्मिक आम्ल घालून तो उकळत. गाळात पाराही असतो; फॉर्मिक आम्ल पाऱ्याच्या ऑक्साइडचे क्षपण करते, म्हणजे त्यातला ऑक्सिजन काढून घेते, आणि मग धातुरूप पारा वाफेबरोबर काढून घेता येतो. अडचण अशी की युरेनियमच्या विखंडनातून (अणुकेंद्रक फुटण्यातून) जन्मलेले ऱ्होडियम, रुथेनियम आणि पॅलेडियम हे धातू गाळात असतातच. त्यांचे प्रमाण अगदी थोडे. पण हे धातू उत्प्रेरक, म्हणजे अभिक्रियेला वेग देणारे पदार्थ आहेत; उत्प्रेरक स्वतः खर्ची पडत नाही, म्हणून थोडेही पुरते. ते फॉर्मिक आम्लाचे विघटन करून हायड्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड काढतात. मला यातली सगळ्यात महत्त्वाची बाब वेळेची वाटते: गाळात नायट्राइट (नायट्रोजनचे एक प्रकारचे क्षार) भरपूर असेपर्यंत हायड्रोजन दबलेला असतो, ते संपत आले की जोर धरतो. ऱ्होडियम लवकर कामाला लागते, रुथेनियम उशिरा. गाळाची नवी खेप आली की आधी तिच्या नमुन्यावर प्रयोगशाळेत हीच प्रक्रिया करून पाहतात, ती यासाठीच.

म्हणजे ‘रोखता येत नाही’ हेही चूक. हवेत हायड्रोजन सुमारे 4 टक्क्यांवर गेला की पेट घेऊ शकतो. म्हणून गाळ उकळण्याच्या भांड्यातून सतत हवा खेळवतात आणि बाहेर येणारा वायू मोजत राहतात. त्याहून मोठा बदल आम्लाचाच झाला: फॉर्मिकऐवजी ग्लायकोलिक आम्ल. पाऱ्याचे क्षपण तेही करते, हायड्रोजन मात्र फारच कमी देते.

‘मग प्रश्न संपला’ असेही कुणी म्हणू नये. ग्लायकोलिक आम्लाचा उरलेला अंश, म्हणजे ग्लायकोलेट, सांडपाण्याबरोबर साठवणीच्या टाक्यांत परतले, तर तिथे सावकाश हायड्रोजन सोडू शकते. म्हणून ते पाणी परत पाठवण्याआधी त्यात परमँगनेट हे ऑक्सिडीकारक रसायन घालून ग्लायकोलेट नष्ट करतात.