लेखिकेला एका खणात बसवण्याचे सोपे उपाय

गेल्या रविवारी एका वाचक मंडळात कॅनडाच्या लेखिका मार्गारेट अ‍ॅटवूडवर बोलायला गेले होते. चाळीस मिनिटं ठरली होती. दीपप्रज्वलन, शाल, नारळ आणि अध्यक्षांचे 'दोन शब्द' झाल्यावर अठरा उरली. परिचय करून देणारे म्हणाले, "त्या लाल झग्यांच्या सिरीयलवाल्या लेखिका." चहाच्या वेळी आयोजक कानाशी आले, "मॅडम, बाईंनी एकच काहीतरी धरायला हवं होतं हो. एक ना धड, भाराभर चिंध्या!"

खरंच, किती अडचण होते या मंडळींची. तुमच्यावरही असा प्रसंग येईल, तेव्हा पुढच्या सूचना पर्समध्ये असू द्या.

पहिलं काम, कविता लपवा. १९६१ साली बाईंनी स्वतः छपाईचे खिळे जुळवून 'डबल पर्सेफनी' ही कवितांची इवलीशी पुस्तिका काढली. 'द सर्कल गेम' या कवितासंग्रहाला १९६६ सालचा कॅनडाचा गव्हर्नर जनरल पुरस्कार मिळाला आणि पहिली कादंबरी आली ती १९६९ मध्ये. थोडक्यात, कादंबरीकार होण्याआधीच बाई नावाजलेल्या कवयित्री होत्या. हे कळलं तर श्रोते बिथरतील. कुणी 'एखादी कविता वाचा ना' म्हणालं तर काय करायचं, ही भीती मात्र नको. कुणी म्हणत नाही.

समीक्षेचा उल्लेख टाळा. १९७२ मध्ये कॅनडाच्या साहित्याची नाडी पाहणारं 'सर्व्हायव्हल' आलं आणि त्याच वर्षी 'सरफेसिंग' ही कादंबरीही. लोक विचारतील, बाईंना घरकाम नव्हतं का?

कॉमिक्सचा विषय निघाला की खोकावं.

ऑपेराची संहिता, मुलांची पुस्तकं, लघुकथा यांना 'इत्यादी' हा फार सोयीचा शब्द आहे.

आता मुख्य पेच. 'द हँडमेड्स टेल' ही कादंबरी कुठल्या खणात? सोपं आहे, त्या लाल झग्यांच्या मालिकेच्या. पुस्तक १९८५ चं, मालिका २०१७ ची. मधली बत्तीस वर्षं ते वाळवीनं वाचलं असं समजा. एखादा चौकस निघालाच तर 'विज्ञानकथा' म्हणून मोकळे व्हा. विज्ञानकथेसाठीचा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार १९८७ मध्ये सुरू झाला आणि तो पहिल्यांदा याच पुस्तकाला मिळाला. आता बाई स्वतः म्हणतात की ही विज्ञानकथा नाही, माणसांनी कुठे ना कुठे, कधी ना कधी केलेलं नाही असं यात मी काहीच घातलेलं नाही. त्यावर २००९ मध्ये विज्ञानकथा लिहिणाऱ्या अर्सुला ले ग्विननं छापून टोमणा मारला, की विज्ञानकथेला नाकं मुरडणाऱ्या समीक्षकांनी आणि पुरस्कारवाल्यांनी आपल्याला बाजूला टाकू नये म्हणून ही व्याख्या. आणि अ‍ॅटवूडनं काय केलं? याच विषयावरचं २०११ चं पुस्तक ले ग्विनलाच अर्पण केलं! भांडावं तर असं. या वादासाठी मी बारा मिनिटं राखून ठेवली होती. पहिलं वाक्य संपतंय तोच पुढच्या रांगेतून आवाज आला, "म्हणजे त्यात रोबो आहेत का?"

नाहीत हो! रोबो नाहीत. एका दिवसात बायकांच्या नोकऱ्या जातात, खाती गोठतात, पैसा नवऱ्याच्या नाहीतर जवळच्या पुरुषाच्या हाती जातो. नावही राहत नाही. नायिका 'ऑफ्रेड', म्हणजे फ्रेडची, अमक्याची म्हैस म्हणावं तसं. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूनं गर्भपातावर बंदी घातली, त्याची कात्रणं बाईंनी जपून ठेवली होती. १९८४ मध्ये लिहायला बसल्या तेव्हा त्या पश्चिम बर्लिनमध्ये राहत होत्या, भिंत उभी होती. एवढं सगळं समोर असताना रोबो कशाला हवा? आणि गृहस्थ तेवढं विचारून मोबाइलमध्ये बघायला लागले!

त्या मालिकेच्या पहिल्या भागात अ‍ॅटवूड स्वतः क्षणभर दिसतात आणि नायिकेच्या फाडकन थोबाडीत मारतात. त्या दिवशी हॉलमध्ये मला त्यांची फार आठवण झाली.

उपाय-बिपाय राहू द्या आता. याच हॉलमध्ये विंदांवर कार्यक्रम झाला होता, मी मागच्या रांगेत होते. कविता, बालकविता, समीक्षा, लघुनिबंध, अ‍ॅरिस्टॉटलच्या काव्यशास्त्राचा आणि 'फाउस्ट'चा अनुवाद, सगळ्याला टाळ्या पडल्या. 'एकच काहीतरी धरायला हवं होतं' असं तेव्हा कुणी म्हणालं नाही, तेव्हा ती 'चतुरस्र प्रतिभा' होती. मग या बाईंच्याच चिंध्या कशा झाल्या? तुम्ही वाचलेलं नाही, एवढंच आहे ते. न वाचणं हा गुन्हा नाही, मीही कितीतरी वाचलेलं नाही. पण न वाचता लेखिकेनं काय लिहायला नको होतं हे तिसऱ्या भज्यासोबत मला सांगू नका. २००० चं आणि २०१९ चं बुकर मिळवलेल्या बाई, त्यातलं दुसरं बर्नार्डिन एव्हरिस्टोबरोबर वाटून घेतलेलं, त्यांना तुम्ही 'फोकस' शिकवताय? निदान एक कविता वाचा. पानभराची असते, सिरीयलच्या जाहिरातींत वाचून होईल.

आयोजकांचा काल फोन आला होता. पुढच्या महिन्यात परत या म्हणाले, विषय तुमच्या आवडीचा. फक्त लेखक जरा सुटसुटीत निवडा.