खुलासा : नॅरोबोट (कालव्यावरची अरुंद, लांब बोट) बुडाली तर थर्ड पार्टी विमा भरपाई देतो का?

इंग्लंडमधल्या आपल्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘कालव्यावरच्या बोटीला थर्ड पार्टी विमा पुरतो, बोट बुडाली तरी पैसे मिळतात.’ पहिलं वाक्य अर्धंच खरं, दुसरं साफ चूक.

इंग्लंड-वेल्समधले बहुतेक कालवे सांभाळणाऱ्या कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या संस्थेचं बोटीसाठीचं लायसन्स घ्यायला किमान २० लाख पौंडांचा थर्ड पार्टी विमा लागतो, एवढं खरं. पण तो तुमच्या बोटीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर. तुमची बोट त्यात नाही.

आणि बोटी बुडतात त्या फक्त वादळात नव्हे, लॉकमध्येही (पाणी चढवून-उतरवून बोट वर-खाली नेणारा दरवाजांचा हौद). पाणी उतरताना मागचा भाग दरवाजाजवळच्या दगडी पायरीवर, म्हणजे सिलवर, अडकतो, पुढचा खाली जातो आणि बघता बघता बोट भरते. बुडालेली बोट ट्रस्टने काढली तर तो खर्च मालकाकडून वसूल होऊ शकतो. म्हणून तुमची स्वतःची बोटही धरणारी सर्वसमावेशक पॉलिसी घेतानाही ‘बुडालेली बोट काढण्याचा खर्च’ त्यात आहे ना, हे आधी बघा.

बोटीवरच राहत असाल तर तसं विमा कंपनीला स्पष्ट सांगा. लपवलंत तर क्लेम अडकेल. जुन्या बोटीला तळाचा सर्व्हे मागतात, तो खर्चही धरा.