‘देव म्हणजे निव्वळ जाहिरात’ या प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

रोमन चांदीच्या नाण्यांवरील माझ्या लेखाविषयी आपण लिहिले आहे की, ‘नाण्यांवरचे देव ही सत्ताधाऱ्यांची निव्वळ जाहिरात होती आणि लेखकाने भाविकाच्या भोळेपणाने त्यांत धर्म शोधला आहे.’ मतभेदाचे मला वावडे नाही. परंतु लेख न पटणे वेगळे आणि लेखकाला भोळा ठरवणे वेगळे. वडिलांच्या नाणेसंग्रहाची देखभाल करीत मी ही नाणी लहानपणापासून भिंगाखाली पाहत आलो आहे. असा शेरा मारण्यापूर्वी लेख शेवटपर्यंत वाचण्याची तसदी आपण घ्यायला हवी होती.

छायाचित्रे फार लहान होती, ही तक्रार मात्र रास्त आहे.

आता जाहिरातीविषयी. इ. स. पू. ५५च्या सुमारास टांकसाळीचा अधिकारी क्विंटस कॅसियस याने पाडलेला डेनारियस, म्हणजे रोमन चांदीचे नाणे, घ्या. एका बाजूला चुलीच्या पवित्र अग्नीची देवी वेस्टा हिचे मुख. दुसऱ्या बाजूला तिचे गोल मंदिर, आत अधिकाऱ्याचे आसन, एका अंगाला मतपात्र आणि दुसऱ्या अंगाला ‘निर्दोष’ व ‘दोषी’ यांची आद्याक्षरे कोरलेली मतपट्टिका. इ. स. पू. ११३ मध्ये ल्युसियस कॅसियस लाँगिनसने ब्रह्मचर्याच्या व्रतभंगाचा आरोप असलेल्या वेस्टाच्या पुजारिणींचा खटला चालवला होता, त्याची ही आठवण. घराण्याची थोरवी इथे मिरवली आहेच, ते मी लेखातही म्हटले होते. पण पुजारिणीचे व्रत मोडले तर राज्यावर अरिष्ट येते, अशी ज्या लोकांची श्रद्धाच नव्हती, त्यांच्यापुढे हे मिरवून कॅसियस घराण्याच्या पदरात काय पडले असते?

पहिला रोमन सम्राट ऑगस्टस याचा, दक्षिण भारतात मोठ्या संख्येने सापडलेला डेनारियसही पाहा. त्याचे दत्तक पुत्र गायस आणि ल्युसियस ढाली-भाले घेऊन उभे आहेत आणि वरच्या बाजूस यज्ञविधीची पळी व शकुन पाहणाऱ्या पुरोहिताची वाकडी काठी आहे. आमच्या संग्रहातील नाण्यावर चेहरे पार झिजले आहेत, पळीचा दांडा तेवढा अजून स्पष्ट दिसतो. एक पुत्र पोंटिफेक्स, म्हणजे धर्मविधींवर देखरेख करणारा पुरोहित, दुसरा ऑगर, म्हणजे शकुन पाहणारा पुरोहित. वारसांची ओळख करून देताना सम्राटाला त्यांची पुरोहितपदेही दाखवावीशी वाटली. राजकारण आणि उपासना यांच्यामध्ये आपण जी भिंत घालता, ती रोममध्ये नव्हती. तिथे पुरोहितपद हे राज्याचेच पद होते आणि ज्युलियस सीझर इ. स. पू. ६३ मध्ये मुख्य पुरोहित झाला तो निवडणूक जिंकून.

सम्राट नीरोच्या काळापासून नाण्यांत घटत गेलेल्या चांदीबद्दल आपण बरेच लिहिले आहे. तो माझ्या लेखाचा विषय नव्हता, म्हणून त्यावर काही लिहीत नाही.

कळावे.